बापूंचं वर्षफल

फेब्रुवारीच्या मध्याला न्यू जर्सीत घोटाभर बर्फ असतो, आणि तिकडे फ्लोरिडा-ॲरिझोनाच्या उन्हात बेसबॉलचे पिचर आणि कॅचर सरावाला हजर होतात. वर्तमानपत्रात ही बातमी जेमतेम तीन ओळींची असते. पण ती वाचली की आमच्या बापूंचं घरात लक्ष राहत नाही. दारापुढचा बर्फ उपसायला म्हणून ते फावडं घेऊन बाहेर पडतात. अर्ध्या तासाने पाहावं, तर बर्फ जागच्या जागी, फावडं त्यात रोवलेलं, आणि बापू दांड्यावर हनुवटी टेकून उभे. सिनसिनाटीला यंदा डावखुरे पिचर पुरतील का, हा प्रश्न पडलेला असतो. आतून वहिनी ओरडतात, "अहो, सिनसिनाटी राहू द्या, आधी माझी गाडी निघू द्या!"

येत्या मोसमात कुठला बेसबॉल संघ कितवा येईल हे मोसम सुरू व्हायच्या आधी सांगून मोकळं व्हायचं, हे बापूंचं व्रत. हे व्रत करणारी माणसं अमेरिकेत गल्लोगल्ली सापडतात. न्हाव्याच्या खुर्चीत, ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनपाशी, दवाखान्याच्या बाकावर. टीव्हीवरचे तर कोट-टाय लावून सांगतात आणि वर पगार घेतात. बापू फुकट सांगतात, एवढाच फरक. त्यांना बाकी कशाचंही भाकीत विचारा. शेअर बाजार, निवडणूक, स्वतःच्या मुलाचं लग्न. "आपल्याला त्यातलं कळत नाही," असं म्हणून ते गप्प बसतील. पण मिलवॉकीच्या चौथ्या पिचरचं म्हणाल, तर सगळं तोंडपाठ.

ज्यांना बेसबॉलशी कर्तव्य नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवं. संघ ३०. लीग दोन, प्रत्येकीचे तीन विभाग, प्रत्येक विभागात पाच संघ. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोजच. त्यातले १२ संघ पुढे जातात आणि शेवटी वर्ल्ड सिरीज. भाकीत करायचं ते एकेका विभागातल्या पाच संघांच्या क्रमाचं. पाच संघ १२० तऱ्हांनी लागू शकतात. सहाही विभाग धरले तर जवळजवळ तीन लाख कोटी तऱ्हा होतात. हा आकडा बापूंच्या मुलाने एकदा जेवताना फोनवर काढून दाखवला. बापूंनी हातातला घास खाली न ठेवता म्हटलं, "असतील ना बे. खरी त्यातली एकच ना? तेवढीच सांगतो मी."

बापू मूळचे बुलढाणा जिल्ह्यातले, जळगाव जामोदच्या बाजूचे. भेंडवळ तिथलंच. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी भेंडवळच्या शेतात घट मांडतात. गोलात १८ प्रकारची धान्यं, मधल्या खड्ड्यात मातीची ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, पुरी, पापड, कुरडई, पानविडा. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचं नाही. पहाटे कुठला दाणा जागचा हलला, विडा सरकला की कसं, हे बघून पाऊसपाणी, पीक आणि राजाची गादी सांगायची. वडिलांच्या खांद्यावर बसून बापूंनी हे ऐकलेलं आहे. पाऊस भाकिताप्रमाणे पडला नाही म्हणून जाब विचारायला कोणी भेंडवळला गेलं नाही आणि पुढच्या वर्षीची गर्दी तसूभर कमी झाली नाही, हे त्या वयात त्यांच्या मनावर ठसलं. पुढे इंजिनिअरिंग झालं, नोकरी झाली. पाया मात्र हाच.

अमेरिकेत ते उतरले १९८७ च्या जानेवारीत. आदल्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्क मेट्सनी बॉस्टनशी हरता हरता वर्ल्ड सिरीज जिंकली होती. क्वीन्समधल्या ज्या खोलीत बापू भाड्याने राहिले, तिच्या खालच्या दुकानात त्या विजयाच्या पताका अजून लटकत होत्या. जिंकणारा संघ आहे, शेजारचाच आहे, आपलाच म्हणू, असा विचार करून बापू मेट्सचे झाले. त्यानंतर आजतागायत मेट्सनी वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही. वहिनी पुण्याच्या, मोजकं बोलणाऱ्या. लग्न होऊन इकडे आल्यावर त्यांना हा हिशेब कळला, तेव्हा त्या म्हणाल्या, "नव्या सुनेचा पायगुण सगळे बघतात. जावयाचा बघायची पद्धत असती तर!"

बापूंना दीक्षा मिळाली ती त्याच एप्रिलात, कपडे धुवायच्या लाँड्रीत. बाकावर 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'चा अंक पडला होता. मुखपृष्ठावर क्लीव्हलँडचे दोन खेळाडू हसत होते आणि हा अमेरिकन लीगमधला सर्वांत चांगला संघ, असा मासिकाचा निर्वाळा होता. मोसम संपला तेव्हा क्लीव्हलँड १०१ सामने हरून तळाला बसलं होतं. आता मासिकावर मोर्चा जाईल, संपादक दिलगिरी छापेल, अशी बापूंची अपेक्षा. कसलं काय! पुढच्या वसंतात लोकांनी नव्या भाकिताचा अंक त्याच उत्साहाने विकत घेतला. "तवाच समजलो मी," बापू सांगतात, "का भेंडवळ इथंबी आहे."

त्या मासिकावर अन्याय नको. याच मासिकाने २०१४ साली, आदल्या मोसमात १११ सामने हरलेल्या ह्यूस्टनला मुखपृष्ठावर घेऊन हा २०१७ चा विजेता, असं छापलं होतं. लोक हसले. २०१७ ला ह्यूस्टन खरोखर जिंकलं, आणि मुखपृष्ठावर ज्याचा फोटो होता तो जॉर्ज स्प्रिंगरच वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षी ह्यूस्टनवाले कॅमेरा लावून समोरच्या कॅचरच्या खुणा चोरत होते हे पुढे उघडकीला आलं. तेवढं भाकितात नव्हतं. बापूंनी यावरून काढलेला निष्कर्ष असा, की तीन वर्षं आधी सांगितलं की लागतं. आपण महिनाभर आधी सांगतो, ही आपली घाई होते.

महिनाभर आधी सांगायचं तरी अभ्यास लागतोच. मार्च लागला की बापू सराव शिबिरांच्या बातम्या वाचायला घेतात. या बातम्यांचं एक वैशिष्ट्य आहे: त्यांत कोणीही आजारी, जाडा किंवा म्हातारा नसतो. प्रत्येक खेळाडूने हिवाळ्यात वजन उतरवलेलं असतं, प्रत्येक पिचर नवा चेंडू शिकून आलेला असतो, आणि ३७ वर्षांचा पहिल्या बेसवरचा गडी आयुष्यात कधी नव्हता इतका तंदुरुस्त असतो. दरवर्षी. बापू यातलं प्रत्येक वाक्य खरं मानतात, फक्त ते मेट्सबद्दल असायला हवं. न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाच्या, यांकीजच्या, कोणी वजन उतरवलं असेल तर "काहीतरी दुखणं असणार" असं ते चिंतेने म्हणतात.

तक्ता करायची रीत ठरलेली आहे. ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानातून फुकट मिळालेल्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान, पाठ कोरी. सुताराची चपटी पेन्सिल. बाजूला वाटीत शेंगदाणे आणि गूळ. शुभ म्हणून पहिलं नाव मेट्सचं आणि त्यापुढे विजयांचा आकडा. हा आकडा ९२ च्या खाली कधी आलेला नाही. मग पुढचे दोन तास उरलेल्या २९ संघांवर दया करण्यात जातात. पिट्सबर्गने बिचाऱ्यांनी किती सोसलं, घ्या ७८. कॅन्सस सिटीला एकदा कामासाठी गेलो होतो, माणसं फार चांगली, ८४. कोलोरॅडो २०२५ मध्ये ११९ सामने हरलं, आता इतकं वाईट लागोपाठ दोनदा कसं होईल, ७० देऊन टाका. रात्री अकराच्या सुमारास तक्ता पुरा होतो आणि तपासणीसाठी वहिनींपुढे जातो.

वहिनींची सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. त्या संघाचं नाव वाचत नाहीत, बेरीज बघतात. प्रत्येक सामन्यात एक जिंकतो, एक हरतो. पावसाने एखादा सामना कायमचा बुडाला तर गोष्ट वेगळी. एरवी ३० संघांनी १६२ सामने खेळायचे म्हणजे सगळ्यांचे विजय मिळून २,४३० व्हायला हवेत. बापूंची बेरीज अडीच हजारांच्या पलीकडे जाते. वहिनी चष्म्यावरून बघतात.

"हे एक्क्याऐंशी सामने कोण हरलं?"

"हरलं असंल कोणी."

"कोणी म्हणजे कोण? नाव लिहा."

बापू खोडरबर घेतात. पिट्सबर्गचे दोन काढतात. पानाकडे बघत राहतात. मग त्यांना वाईट वाटतं आणि एक परत देतात. खोडरबराचा चुरा शेंगदाण्याच्या सालांत मिसळतो, ७८ चे ७७ झालेले असतात, आणि बेरजेत अजून ८० सामने कोणीच न हरलेले उरतात. मेट्सच्या आकड्याला रबर लागत नाही. एकदा वहिनींनी सुचवून पाहिलं की मेट्सचेच दहा काढावेत. बापू शेंगदाण्यांची वाटी घेऊन बाहेरच्या खोलीत निघून गेले.

ओपनिंग डे, म्हणजे मोसमाचा पहिला दिवस, आणि गुढीपाडवा साधारण एकाच सुमाराला येतात, आणि हा निव्वळ योगायोग आहे हे बापूंना पटवणं अवघड आहे. पाडव्याला त्यांच्याकडे चार घरं जेवायला असतात. मागच्या डेकवर गुढी उभी राहते, कडुनिंबाची पानं डीप फ्रीझरमधून बाहेर येतात, बापू पंचांग उघडून संवत्सरफल वाचतात. राजा कोण, मंत्री कोण, मेघाधिपती कोण, पाऊस किती. ते संपलं की पंचांग न मिटता, आवाजाची पट्टी न बदलता ते आतली घडी काढतात.

"अथ नॅशनल लीग. पश्चिम दिशेस राजा डॉजर्स, धनाधिपती डॉजर्स, मेघाधिपतीही डॉजर्सच. सॅन डिएगोस व्यय अधिक, लाभ मध्यम. कोलोरॅडोस धावांची अतिवृष्टी, परंतु पीक शत्रूच्या घरी. मध्यप्रांती मिलवॉकीस अल्प द्रव्यात उत्तम धान्य. शिकागोस पूर्वार्ध शुभ, उत्तरार्धी मनस्ताप. पूर्व दिशेस अटलांटाच्या पिचरांस कोपरपीडा. फिलाडेल्फियास आश्विनात मानहानी. मायामीस सर्वत्र अपयश. मेट्स यांस राजयोग."

नव्याने आलेली पोरं चेहरा गंभीर ठेवून ऐकतात. एखादा धीर करून विचारतो, "बापू, यंदा आयपीएल कोण मारेल?" बापू त्याच्याकडे कनवाळूपणे बघतात. साखळीत चौदा सामने. त्यात कोणाचा काय स्वभाव कळणार, असं त्यांचं म्हणणं. आणि इथे ते खरंच शहाण्यासारखं बोलतात. बेसबॉलमध्ये थोरातला थोर संघही वर्षात चाळीस-पन्नास सामने हरतो आणि तळातला तळ संघ चाळीसएक तरी जिंकतो. २००१ साली सिॲटलने ११६ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजचं तोंडही पाहिलं नाही. १९७३ मध्ये मेट्स ऑगस्टअखेरीला आपल्या विभागात तळाला होते. शेवटी जेमतेम ८२ विजयांवर विभाग मारून थेट वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यापर्यंत गेले. रोज उठून हरणं-जिंकणं चालू असलं की कुठल्याही वेडगळ भाकिताला सहा महिने जिवंत राहता येतं.

घरातला खरा सामना बाप-लेकाचा. मुलगा आकडेशास्त्रातला. तो 'पेकोटा' बघतो. पेकोटा म्हणजे २००३ साली नेट सिल्व्हर या पोराने तयार केलेली भाकिताची पद्धत. कॅन्सस सिटीच्या बिल पेकोटा नावाच्या साध्यासुध्या खेळाडूवरून तिचं नाव ठेवलं. हा पेकोटा १९९२ मध्ये वर्षभर मेट्सकडेही होता, त्यामुळे बापू त्या यंत्राला पूर्णपणे परकं मानत नाहीत. यंत्र खेळाडूची मागची वर्षं, वय, दुखापती सगळं पोटात घेतं, अख्खा मोसम हजारो वेळा खेळवून बघतं, आणि सरासरी सांगतं. अडचण अशी की सरासरी भित्री असते. यंत्राच्या तक्त्यात बहुतेक संघ ७० ते ९० च्या मध्ये दाटीवाटीने उभे असतात. बापूंना ते पान बघवत नाही. "याच्यात ना कोणी मरत, ना कोणाचं लग्न होत," ते म्हणतात. "सगळ्यांले ब्याऐंशी देऊन टाकले."

या सगळ्या आकडेवाल्यांचा मूळपुरुष बिल जेम्स. सत्तरच्या दशकात कॅन्ससमध्ये डबाबंद बीन्सच्या कारखान्यात रात्रीचा पहारा करता करता त्याने बेसबॉलच्या आकड्यांवर लिहायला सुरुवात केली. संघाने काढलेल्या धावांचा वर्ग, भागिले काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, की संघ किती टक्के सामने जिंकेल ते निघतं, हे त्याचं सूत्र आजही चालतं. बापूंना जेम्सबद्दल आदर आहे, पण सूत्रासाठी नाही. "रात्रभर जागा राहणारा माणूस," ते म्हणतात. "त्याले दिसणारच."

मुलाने एकदा वेगळा मुद्दा काढला. अगदी बरोबरीचा, ना कमी ना जास्त असा संघ घ्या. १६२ वेळा नाणं उडवल्यासारखे त्याचे सामने धरा. ८१ विजय यायला हवेत; पण नुसत्या नशिबाने सहा इकडे किंवा सहा तिकडे सहज होतात. म्हणजे देवाने जरी संघांची खरी ताकद कानात सांगितली, तरी ७५ चा कोण आणि ८७ चा कोण हे आधी सांगता येणार नाही. "बाबा, एवढी फट कायम राहणारच." बापूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या फटीतच माझं दुकान आहे."

२०१५ मध्ये तर बाप जिंकायलाच हवा होता. पेकोटाने कॅन्सस सिटीला ७२ विजय दिले होते. बापूंनी माणसं चांगली म्हणून ८४. कॅन्सस सिटीने ९५ जिंकले आणि वर्ल्ड सिरीज मारली. यंत्राला एका माणसाने हरवलं होतं, आणि तो माणूस आमच्या आळीतला होता. पण बापूंना धड पेढेही वाटता आले नाहीत, कारण कॅन्सस सिटीने वर्ल्ड सिरीजमध्ये ज्यांना पाच सामन्यांत लोळवलं ते मेट्स होते.

बापूंच्या आयुष्यातलं सोन्याचं वर्ष १९९१. आदल्या मोसमात आपापल्या विभागात तळाला असलेले मिनेसोटा आणि अटलांटा हे दोन्ही संघ त्या वर्षी पहिले आले आणि वर्ल्ड सिरीजमध्ये एकमेकांशी भिडले. तळातून वर्षभरात पहिलं येणं विसाव्या शतकात त्याआधी एकदाही घडलं नव्हतं. बापूंच्या तक्त्यात हे दोन्ही होतं, मार्चमध्येच, पेन्सिलीने, तारखेसकट. बापू हा तक्ता लॅमिनेट करून ठेवून आहेत, आणि पाहुणा नवा असला की चहाच्या आधी तो बाहेर येतो. वहिनी चहा ठेवताना पुस्ती जोडतात. तेव्हा विभाग चारच होते, आणि बापूंनी त्या वर्षी चारही विभागांतल्या शेवटच्या संघांना पहिलं केलं होतं, यांकीजसुद्धा. संघांची यादी त्यांनी उलटी धरली होती की काय, असा वहिनींना आजवर संशय आहे.

बापूंच्या भाकिताला काही पोटकलमं असतात. ती ऑक्टोबरमध्ये वाचायला मिळतात. 'दुखापती वगळून' हे पहिलं. 'पंचांच्या चुका वगळून' हे दुसरं. तिसरं कलम म्हणजे मायामी. पत्रिकेवर विश्वास नसणाऱ्यानेही हे कलम नीट वाचावं. बापूंच्या तक्त्यात मायामी कायम पाचवं असतं. कोणावर दया करायची राहिली तरी चालेल, मायामीवर करायची नाही. २००७ मध्ये १७ सामने उरले असताना मेट्स सात सामन्यांनी पुढे होते. ती आघाडी त्यांनी घालवली आणि शेवटच्या दिवशी ते स्वतःच्या मैदानावर हरले. कोणाशी? तेव्हा फ्लोरिडा म्हणवणाऱ्या याच संघाशी. २००८: पुन्हा शेवटचा दिवस, पुन्हा घरचं मैदान, पुन्हा फ्लोरिडा. २०२३ मध्ये मेट्सच्या मालकाने मोसमाच्या सुरुवातीला पगारावर ३३ कोटी डॉलरच्याही वर ओतले होते. इतका महाग संघ बेसबॉलने पाहिला नव्हता. तेहतीस कोटी पाठीशी आहेत म्हटल्यावर बापूंनी १०४ लिहिले. मोसम सुरू व्हायच्या आधी, १५ मार्चला, जागतिक स्पर्धेत प्वेर्तो रिको जिंकलं म्हणून मेट्सचा हुकमी पिचर एडविन डियाझ सहकाऱ्यांबरोबर मैदानावर नाचला, आणि नाचता नाचता त्याचा गुडघा गेला. अख्खं वर्ष घरी. मैदान अर्थात मायामीचं. मेट्स ७५ जिंकले, ८७ हरले. "आनंदाने उड्या मारू नये हे मी कोणत्या कलमात घालू?" बापू विचारत होते, आणि खरं सांगायचं तर त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

मग २०२५. वान सोटोला १५ वर्षांसाठी साडेशहात्तर कोटी डॉलर दिलेले. बापूंचा आकडा ९७. जूनच्या मध्याला मेट्सची कामगिरी सगळ्या ३० संघांत सरस होती, आणि बापू रस्त्यात भेटले की आपण काही विचारायच्या आधीच हात वर करत, आशीर्वाद दिल्यासारखा. पुढे उतरण लागली. शेवटच्या दिवशी गणित इतकंच उरलं: जिंकले तर आत. सिनसिनाटी त्या दिवशी हरलं होतं, वाट मोकळी होती. मेट्सना एकही धाव काढता आली नाही. ८३ विजय, ७९ हार, सिनसिनाटीशी बरोबरी, आणि नियमाप्रमाणे सिनसिनाटी आत. समोर कोण होतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्या संध्याकाळी आम्ही समाचाराला गेलो. बापू सोफ्यावर होते, टीव्ही बंद. वहिनींनी न विचारता कांदेपोहे पुढे ठेवले. पाचएक मिनिटं कोणी बोललं नाही. मग बापू म्हणाले, "तरी पिचर दोन-तीन नवीन घेतले, तर पुढच्या वर्षी..." वहिनी म्हणाल्या, "आधी खा."

पलीकडच्या घरात एक इटालियन आजोबा राहतात, यांकीजचे. त्यांचं भाकीत एका ओळीचं: यांकीज जितके हरतील त्याहून जास्त जिंकतील. १९९३ पासून हे एकाही वर्षी चुकलेलं नाही. पेकोटा, मासिकं, टीव्हीवरचे कोट-टायवाले, कोणाचाही हिशेब इतका निर्मळ नाही. बापू त्यांना भाकीतकारांच्या पंगतीला बसवायलाच तयार नाहीत. चुकण्याची भीती नसलेल्या गोष्टीला भाकीत म्हणत नाहीत, असं त्यांचं मत आहे, आणि मला ते मान्य आहे.

पैशाचा मात्र बापूंना स्पर्श नाही. २०१८ मध्ये न्यू जर्सीनेच सुप्रीम कोर्टात लढून खेळांवर पैज लावायची मुभा मिळवली. आता फोनवर बोट टेकवलं की झालं. मुलगा म्हणाला, "बाबा, एवढी खात्री आहे तर शंभर डॉलर लावा." बापूंनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर नेऊन पडदा नाकाजवळ धरला. मेट्सपुढे लिहिलं होतं साडेअठ्ठ्याऐंशी. त्याच्या वर की खाली एवढंच सांगायचं. बापू बराच वेळ बघत राहिले. "अर्धा सामना कसा काय जिंकतात?" त्यांनी विचारलं. पैज बरोबरीत सुटू नये म्हणून तो अर्धा असतो, असं मुलाने समजावलं. बापूंनी फोन परत दिला. अर्ध्या सामन्यावर ज्यांचा धंदा चालतो त्यांच्याशी व्यवहार करायचा नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

तक्ता फ्रिजवर लागतो. मे महिन्यात त्यावर दातांच्या डॉक्टरची तारीख येते, जूनमध्ये पिझ्झाचं कूपन, ऑगस्टमध्ये मंडळाच्या गणपतीचं पत्रक. ऑक्टोबरपर्यंत तो कोणाला आठवत नाही, वहिनी सोडून. त्या तो काढून घडी घालतात आणि टॅक्सच्या कागदांशेजारी वर्षवार लावून ठेवतात. लॅमिनेट केलेला एक सोडून सगळे तिथे आहेत.

यंदा नवल घडलं. तक्ता वहिनींपुढे गेला, त्यांनी बेरीज केली, पुन्हा केली, कॅल्क्युलेटर आणून तिसऱ्यांदा केली. बरोबर २,४३०. बापू शेंगदाणे सोलत छताकडे बघत होते. वहिनींनी मग पहिल्यांदाच संघांची नावं वाचायला घेतली. मेट्स ९६, पिट्सबर्ग ७९, कॅन्सस सिटी ८५, कोलोरॅडो ७१, सगळीकडे नेहमीसारखीच सुबत्ता. वर निघालेले सगळे विजय बापूंनी एकट्या यांकीजच्या खात्यातून वजा केले आहेत. यांकीज यंदा बारा सामने जिंकणार आहेत. आजोबांना अजून कोणी सांगितलेलं नाही.